कापसाच्या मुलखात ब्लूज गिटार : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांच्या गाण्यातून आलेले संगीत, गिटारवर वाजवून, तेही गावात राहून, पोट भरता येईल का, या विषयावर प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रे विदर्भातल्या तालुक्याच्या आणि त्याहून लहान गावांतून आली. सुरांपेक्षा लाइन, हवा, ताल आणि बिदागी यांबद्दलच लोकांनी जास्त विचारले आहे, म्हणून उत्तरेही तिथेच लांबली आहेत.

प्रश्न : गणपतीच्या मांडवात गिटार वाजवत गाताना माइकला ओठ लागले की झटका बसतो. गिटार सोडली की बसत नाही. गिटार खराब झाली का? (दर्यापूर, जि. अमरावती)

गिटार ठीक आहे, मांडवाची आर्थिंग ठीक नाही. हे अंगावर काढू नका, अशाने माणसे दगावली आहेत.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजखालच्या (खोक्यावर तारा टेकतात त्या पट्टीखालच्या) वायरने अॅम्पच्या (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या) पत्र्याला जोडलेल्या असतात. माइकची जाळी मिक्सरच्या पत्र्याला जोडलेली असते. अॅम्पची लाइन देवळाच्या मीटरवरून आणि मिक्सरची जनरेटरवरून आली, किंवा दोघांपैकी एकाला आर्थिंगच नसले, की दोन पत्र्यांत व्होल्टेजचा फरक पडतो. तुमचा डावा हात तारांवर, ओठ जाळीवर, आणि करंटला वाट मिळते ती छातीतून.

आर्थिंग नसलेल्या चांगल्या अॅम्पच्या पत्र्यावरही १०० ते ११५ व्होल्ट दिसू शकतात. तो करंट बारीक असतो, नुसती झिणझिणी येते. फेजची वायर सोलून पत्र्याला लागली असेल तर मात्र जीव जातो. साधा टेस्टर दोन्ही वेळा पेटतो, त्यामुळे टेस्टरवर भरवसा ठेवू नका. तीन-चारशे रुपयांचे मल्टिमीटर पिशवीत असलेच पाहिजे. ते एसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर ठेवा, एक टोक गिटारच्या ब्रिजला, दुसरे माइकच्या जाळीला लावा. एक-दोन व्होल्ट आले तर वाजवा. जास्त आले तर हात लावू नका आणि बोर्ड तपासा : फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते आर्थ तेवढेच, न्यूट्रल ते आर्थ पाचच्या आत. फेज ते आर्थ शून्य दिसले किंवा आकडा साठ, ऐंशी, शंभर असा भटकत राहिला, तर तिसऱ्या भोकात वायरच नाही असे समजा.

उपाय असा. अॅम्प आणि मिक्सर दोन्ही एकाच बोर्डावरून, एकाच एक्स्टेंशनवरून घ्या. मंडपवाल्याच्या वायरमनकडून ओल्या जमिनीत रॉड ठोकून आर्थिंग करून घ्या. एक्स्टेंशनच्या पेटीत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. जाणारा आणि परत येणारा करंट यांत फरक पडला की तो तोडतो, त्यामुळे आर्थिंग कच्ची असली तरी करंट अंगातून जमिनीत जाऊ लागताच तो पडतो. माइकवरचा फोमचा टोप ओठ दूर ठेवतो, पण तो इलाज नव्हे.

आणि ‘घूंऽऽ’ आवाज जावा म्हणून आर्थची पिन कापण्याची जी सवय आहे, ती ताबडतोब सोडा. दोन ठिकाणच्या आर्थमुळे येणारा ५० हर्ट्झचा हम सिग्नलच्या वायरवर तोडायचा असतो. त्यासाठी डीआय बॉक्सवर (गिटार आणि मिक्सर यांच्या मधे लावायच्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचे, म्हणजे सिग्नलच्या वायरचा आर्थ तोडण्याचे, बटण असते.

प्रश्न : संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज १६५ वर येते. ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) अॅम्प घेण्याची फार इच्छा आहे. (आर्णी, जि. यवतमाळ)

घरी चांगली लाइन मिळेपर्यंत घेऊ नका. ट्यूबच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात. लाइन १६५ ला आली की तिथे साडेचारच पोचतात, आवाज पातळ होतो आणि ट्यूबचे आयुष्य घटते. रात्री शेतीपंप बंद झाले की तीच लाइन २५० च्या वर उसळते आणि ट्यूबवर उलट्या बाजूने ताण येतो.

३० ते ५० वॅटचा सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरचा) किंवा मॉडेलिंग (ट्यूबच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा) अॅम्प गावाला पुरेसा आहे. घेताना मागची पट्टी वाचा. ‘१००–२४० व्होल्ट’ लिहिले असेल तर तो पडती लाइन सहज सोसतो. नुसते ‘२३०’ असेल तर आत ट्रान्सफॉर्मर आहे, सोबत १ केव्हीएचा स्टॅबिलायझर ठेवा. घरचा जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर अॅम्पला लावला की भुणभुण येते आणि ट्रान्सफॉर्मर तापतो, शुद्ध साइन वेव्हचाच वापरा. १२ व्होल्टवर चालणारा छोटा अॅम्प असेल तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी, अर्धीच उतरवायची असे धरले तरी, २० वॅटच्या खर्चाला दोन तास पुरते. जनरेटर असेल तर तो स्थिरावल्यावर अॅम्प चालू करा, आणि तो बंद करण्याआधी अॅम्प बंद करा.

प्रश्न : मे महिन्यात अकूस्टिक गिटारच्या फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोके हाताला टोचायला लागली आणि तारा खडखडतात. पावसाळ्यात त्याच तारा इतक्या उंच होतात की दाबवत नाहीत. (आर्वी, जि. वर्धा)

लाकूड श्वास घेते आहे. अकूस्टिक गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मेच्या दुपारी ती २० टक्क्यांच्याही खाली जाते आणि श्रावणात ८० च्या वर. कोरड्या हवेत फिंगरबोर्ड (मानेवरची लाकडी पट्टी) आकसतो, फ्रेटची धातू आकसत नाही, म्हणून टोके बाहेर येतात. वरची फळी खाली बसते आणि तारा फ्रेटला टेकतात. पावसाळ्यात फळी फुगते, ब्रिज वर उचलला जातो, तारा उंच होतात.

यात आपल्याकडची खास चूक म्हणजे कूलर. गिटार कूलरच्या झोतासमोर भिंतीला टांगलेली असते. दिवसभर ओली हवा, रात्री कूलर बंद, मग सकाळपर्यंत पुन्हा कोरडी. रोजच्या या ओढाताणीत ब्रिजचा जोड सुटतो. गिटार कडक केसमध्ये, कूलर नसलेल्या खोलीत, आतल्या भिंतीला उभी ठेवा. उन्हाळ्यात साबणाच्या डबीला भोके पाडून तीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घाला आणि ती केसमध्ये मानेजवळ ठेवा. पाणी टपकता कामा नये. दर दोन-तीन दिवसांनी स्पंज पाहा. जूनमध्ये ती डबी काढून सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. दोनशे-तीनशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक केसमध्ये असला की अंदाजाने काही करावे लागत नाही.

मान तपासायची तर पहिली तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या फ्रेटवरची फट पाहा. पाव मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल इतकी, हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेतली सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, त्याहून जास्त नाही. तारा पुन्हा सुरात लावा, रात्र जाऊ द्या, सकाळी पुन्हा पाहा. रॉड अडत असेल तर जोर न लावता कारागिराकडे न्या. ब्रिजची मागची कड उचललेली दिसली की तारा सैल करा, आणि कुठलेही झटपट चिकटणारे द्रव्य तिथे ओतू नका, नंतरची दुरुस्ती अवघड होते.

प्रवासात गिटार उन्हात उभ्या गाडीत विसरू नका. बंद गाडीत तापमान ६० अंशांपर्यंत जाते आणि तेवढ्यात जोडांचा डिंक मऊ पडतो. एसटीत टपावर किंवा डिकीत न टाकता सीटशेजारी उभी धरा, आणि तारा एक-दोन सूर उतरवून ठेवा.

प्रश्न : स्लाइड (बोटात घालून तारांवर सरकवायची नळी) कशाची करावी? ऑनलाइन महाग पडते. (पुसद)

हार्डवेअरच्या दुकानात अर्ध्या इंची जीआय पाइपचा तुकडा मागा. आतला व्यास साधारण १६ मिलिमीटर असतो, बहुतेकांच्या करंगळीत बसतो. ६० मिलिमीटर लांब कापला की वजन सत्तरेक ग्रॅम भरते, स्लाइडला ते चांगले. दोन्ही तोंडांच्या आतल्या-बाहेरच्या कडा कानशीने गोल करा, नाहीतर बोट कापेल. मग बाहेरून पॉलिश पेपर : १२०, ४००, ८०० नंबर, याच क्रमाने, पाणी लावून आणि अंगणात बसून, कारण जस्ताची कोरडी धूळ नाकात जाऊ नये. शेवटी धातूचे पॉलिश. नख फिरवल्यावर कुठेही अडले नाही पाहिजे, नख अडले तर तारही कुरकुरणार. पाइपला जोडाची उभी रेघ असते, ती तारांच्या विरुद्ध बाजूला ठेवून घाला.

वाजवताना दोन फ्रेटच्या मधे नाही, नेमके फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या वर टेका. दाबायचे नाही, नुसता स्पर्श. करंगळीच्या मागची बोटे तारांवर हलकी पडलेली असू द्या, म्हणजे स्लाइडच्या मागचा किरकिराट दबतो. तारा ११ किंवा १२ च्या सेटच्या (हा सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा आकडा, इंचाच्या हजाराव्या भागात), बाराव्या फ्रेटवर उंची अडीच-तीन मिलिमीटर. ओपन जी साठी (मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड वाजावी अशा जुळणीसाठी) सहावी, पाचवी आणि पहिली तार दोन-दोन पडदे (अर्धे सूर) उतरवा. ओपन ई मध्ये तीन तारा चढवाव्या लागतात आणि उन्हाळ्यात तुटतात. त्याऐवजी ओपन डी लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) ठेवा, आवाज तोच येतो.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात तबला, ढोलकी, खंजिरी, पेटी सगळे आहे. मी ब्लूज वाजवतो तेव्हा ते दादरा धरतात, पण काहीतरी बसत नाही. (तिवसा, जि. अमरावती)

दादरा धरतात ते बरोबरच आहे! ब्लूजच्या शफलमध्ये (झोके देत चालणाऱ्या लयीत) प्रत्येक ठोक्याचे तीन भाग असतात, त्यातला पहिला आणि तिसरा वाजतो. एका बारमध्ये असे चार ठोके, म्हणजे बारा बारीक मात्रा. दादऱ्याचे आवर्तन सहा मात्रांचे. दोन आवर्तने झाली की ब्लूजचा एक बार झाला. हिशेब तंतोतंत जुळतो.

अडते ते चौथ्या मात्रेवर. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली असते, म्हणून तबलजी तिथे हात हलका करतो. ब्लूजमध्ये ड्रमचा जोरकस फटका दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो, म्हणजे दर आवर्तनाच्या चौथ्याच मात्रेवर. आपला वादक जिथे जागा मोकळी सोडतो तिथेच या संगीताला वजन हवे असते. म्हणून ढोलकीवाल्या भाऊंना एकच सांगा : समेला घुमारा द्या, आणि चौथ्या मात्रेला चाट जोरात मारा. खंजिरीवाल्याने १, ३, ४, ६ या मात्रांवर झांजा हलवायच्या आणि चौथीला थाप. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या परिसरात खंजिरीवर हात बसलेला असतो, दहा मिनिटांत हे जमते.

ब्लूजचे गाणे बारा बारच्या फेऱ्यात फिरते, तो फेरा कॉर्डच्या नावांनी आवर्तनांत मांडून भिंतीला लावा. ए स्वरात वाजवत असाल तर : ए ८ आवर्तने, डी ४, ए ४, ई २, डी २, ए २, ई २. एकूण २४. तबलजीला तिहाई घ्यायचीच असेल तर ती शेवटच्या दोन आवर्तनांत घेऊ द्या. त्या बारा मात्रांत चार-चार मात्रांचे तीन तुकडे बसतात आणि शेवटचा ‘धा’ नव्या फेऱ्याच्या समेवर येतो. मध्येच घेतलेली तिहाई गायकाला फसवते, तो चुकून डी ऐवजी ए वर परततो.

पेटीशी सूर जुळवताना ट्यूनरचे ऐकू नका, पेटीचे ऐका. जुन्या पेट्या थोड्या उतरलेल्या किंवा चढलेल्या असतात. ट्यूनरवर मूळ स्वराचा ४४० चा आकडा वर-खाली करून पेटीच्या स्वराशी आणा. पेटी काळी एकमध्ये असेल तर चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून ए च्याच कॉर्डचे आकार वाजवा. काळी पाचला पहिल्या फ्रेटवर. आणि पेटीवाल्या काकांना सुरावट सांगताना ‘मायनर पेंटाटॉनिक’ म्हणण्याची गरज नाही. सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानीचे स्वर म्हणा, लगेच कळेल. फक्त ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असतो. तो पेटीवर नाही, तार ओढूनच मिळतो, म्हणून तिथे पेटीने थांबावे.

प्रश्न : नोकरी सोडून फक्त गिटारवर जगता येईल का? सुपारी कशी ठरवावी? (वडसा-देसाईगंज परिसर)

फक्त ब्लूजच्या कार्यक्रमांवर, गावात राहून, आज तरी नाही. तुमच्याकडे मात्र एक मोठी सोय आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारापर्यंत चालतो. वडसा हे त्याचे केंद्र. रात्रभराच्या प्रयोगात ऑर्गन, तबला, ढोलकासोबत गिटारही खपते. तिथे सुरावट लगेच उचलण्याची सवय लागते. हंगामाचे महिने प्रयोग, बाकीच्या काळात चार-सहा शिष्य, नागपूरला महिन्यातून एखाद-दोन कॅफेचे कार्यक्रम आणि स्वतःच्या गाण्यांचे रेकॉर्डिंग, असे चार पाय लावले तर बाज उभी राहते. मोठे मंच देशात थोडेच आहेत : मुंबईचा महिंद्रा ब्लूज महोत्सव २०११ पासून होतो. शिलाँगचा सोलमेट हा बँड २००३ मध्ये सुरू झाला आणि डोंगरातल्या आपल्या शहरात राहूनच नावारूपाला आला.

हिशेब कागदावर करा. समजा दोघांच्या कार्यक्रमाचे ८,००० ठरले आणि जाऊन-येऊन १८० किलोमीटर आहेत. गाडीचे पेट्रोल सुमारे १,२५०, ढोलकीवाल्याचे २,५००, जेवण ४००, तारांचा सेट चार कार्यक्रम चालतो म्हणून त्याचा वाटा पावणेदोनशे, आणि दुरुस्तीसाठी बाजूला दहा टक्के म्हणजे ८००. हाती उरले २,८७५. त्यात सकाळपासूनचा तुमचा दिवस गेला. हा आकडा पटत नसेल तर ८,००० ला हो म्हणू नका.

तारीख अर्ध्या इसारावरच पक्की करा. उरलेले पैसे मंचावर चढण्यापूर्वी घ्या, कार्यक्रम संपल्यावर आयोजक आवराआवरीत असतो आणि ‘उद्या पाठवतो’ सुरू होते. व्हॉट्सअॅपवर एकाच मेसेजमध्ये लिहा : तारीख, वेळ, ४५ मिनिटांचे दोन भाग, साउंड कोणाचा, मुक्काम कुठे, सात दिवसांच्या आत रद्द केल्यास इसार परत नाही. समोरच्याचे ‘मान्य’ आल्याशिवाय निघू नका. लाउडस्पीकरची परवानगी आयोजकाने काढायची हेही त्यातच लिहा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, काही ठरावीक दिवसांची सवलत सोडून. साडेसातला सुरू केले तर सव्वानऊला सुटका होते.

संस्थेकडून वर्षात ५०,००० च्या वर मानधन झाले की साधारण १० टक्के टीडीएस कापतात. पॅन दिला नाही तर २० टक्के. कापलेला पैसा आपल्या पॅनवर चढला का, हे आयकराच्या संकेतस्थळावर पाहून विवरणपत्र भरा, देय कर नसेल तर तो परत मिळतो. स्वतः चाल बांधत किंवा गीत लिहीत असाल तर आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे) सभासद व्हा आणि प्रत्येक गाणे तिथे नोंदवा.

प्रश्न : बोटे आणि कान दोन्ही दुखतात. (मेहकर)

बोटांसाठी १० ऐवजी ९ चा सेट लावा किंवा सगळ्या तारा एक पडदा उतरवा, एक पडदा उतरवल्याने ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. तार ओढताना एकट्या बोटाने नाही, मागची दोन बोटे जोडून मनगट फिरवा. कानाचे दुखणे जास्त गंभीर आहे. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला पंधराच मिनिटे. फोमचे बोळे नेहमी जवळ ठेवा, वरातीच्या डीजेशेजारून जातानाही घाला. कानात शीळ वाजत राहिली तर कानाच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : ब्लूजही कापसाच्या शेतातला आणि आम्हीही. मग मराठीत, वऱ्हाडीत तो लिहिता येईल का? (राळेगाव, जि. यवतमाळ)

नाते खरे आहे, पण ते नीट समजून घ्या. अमेरिकेतल्या मिसिसिपी डेल्टातल्या डॉकरीसारख्या मळ्यांवर गुलामगिरी संपल्यानंतरही काळे शेतमजूर बटईच्या कर्जात अडकलेले होते. ब्लूज गायक-गिटारवादक चार्ली पॅटन डॉकरीच्याच मळ्यावर राहिला. पुढचा मोठा ब्लूज गायक मडी वॉटर्स स्टोव्हॉल मळ्यावर राबत असताना १९४१ मध्ये लोकगीते जमवणारे अॅलन लोमॅक्स आणि जॉन वर्क यांनी त्याला रेकॉर्ड केले, आणि १९४३ मध्ये तो शिकागोला गेला. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवीत तिथला कापूस अडला तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या कापसाकडे मोर्चा वळवला. बाजार एकच होता, दुःखाचा इतिहास मात्र वेगवेगळा. त्यांची गाणी मराठीत उचलण्यापेक्षा आपल्या जिनातले (सरकी काढण्याच्या कारखान्यातले), आपल्या बाजार समितीतले लिहा.

साचा सोपा आहे. एक ओळ, तीच पुन्हा, मग तिला उत्तर देणारी तिसरी. भजनात ध्रुपद दुहेरून म्हणतो, त्यामुळे कानाला हे परके नाही :

कापूस गेला जिनात, बाप्पा, हाती उरली चिठ्ठी,
कापूस गेला जिनात, बाप्पा, हाती उरली चिठ्ठी,
सावकार आला दारात, उघडू कशी मी मुठी?

प्रत्येक ओळीला चार बार. नवख्याची चूक ही की तो ओळ ओढून चारही बार भरतो. ओळ अडीच बारांत संपवा, उरलेला दीड बार गिटारचा. दुसऱ्यांदा ओळ म्हणताना शब्द तेच असले तरी खाली डी आलेला असतो, त्यामुळे तीच चिठ्ठी वेगळी ऐकू येते. म्हणून तिथे शब्द बदलू नका. तिसऱ्या ओळीत ई, मग डी, आणि ‘मुठी’ हा शब्द अकराव्या बारच्या समेवर, ए वर पडू द्या. त्याच्यापुढे गिटारने तीन-चारच सूर वाजवावेत, कोमल गंधार ओढून सोडलेला.